सत्तावीस नंबरची खुर्ची

शीलवंत, काल तू जिन्यात विचारलंस,
अर्थव्यवस्था अन् पर्यावरण, दोन्ही एकाच पेपरात,
ताई, वाचू काय आन् सोडू काय?
मी अंधारात चपला शोधत होते.
म्हणून आज लिहिते,
जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला.

आधी खुर्ची. सत्तावीस नंबर घे.
कूलरच्या तोंडाशी बसलास तर पानं उडतात
अन् मे महिन्यात फक्त सर्दी पाठ होते.
सत्तावीसला वारा भिंतीवरून वळून येतो, वाळ्याचा वास घेऊन.
दुपारी टाकी आटली की मोटरचा आवाज बदलतो,
तो सगळ्यांत आधी तुलाच ऐकू येईल.
उठ, बादली ओत.
साठ पोरं बसलेली असतात, कुणी उठत नाही.
सामाईक संसाधनांवर दहा मार्कांचा प्रश्न आला
तर पुस्तक आठवू नकोस, ती टाकी आठव.

महागाईचं प्रकरण जाड आहे, वाच.
पण मेडिकल चौकातला पोहेवालाही बघ.
दोन वर्षं भाव वीसच ठेवला त्यानं.
पोहे कमी केले, तर्री वाढवली,
मग तर्रीतले चणे मोजून टाकू लागला.
हे निर्देशांकात कुठे धरतात, मी क्लासमध्ये विचारलं होतं.
सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.

तूट तुला शिकवायला नको.
खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, फॉर्मचे पैसे,
आणि एक तारखेला बाबांचा फोन: पाठवू का अजून?
नको, आहेत.
हे 'नको, आहेत' कोणत्या शीर्षाखाली दाखवायचं
सहा वर्षांत मला जमलं नाही.

नद्या ओळीनं पाठ कर:
नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी.
मग एकदा पुलावर सायकल थांबवून कुणालाही विचार,
भाऊ, ही नदी कोणती?
"नदी कायची बे, नाला हाय तो."
जिच्यावरून गावाला नाव पडलं
तिला गाव ओळख देत नाही.
हे असलं उत्तरात लिहू नकोस.
मी लिहिलं होतं.

आता राख.
आमच्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
उन्हाळ्यात आई खाटेवर सरगुंडे वाळत घालते,
वरून जुनी साडी पांघरते.
संध्याकाळी साडी झटकते, थोडं मागे सरते,
म्हणते, चला, आज कमी हाय.
बाबांचा पगार त्याच चिमणीखालून यायचा,
कंत्राटी, राख वाहून नेण्याच्या कामावर.
ज्या बल्बखाली मी शाश्वत विकास वाचला
तोही तिथलाच.
म्हणून रागवायचं कुणावर, हे ठरत नाही माझं.

मागच्या खेपेला प्रश्न आला:
फ्लाय अॅशच्या उपयोगांपैकी अयोग्य पर्याय ओळखा.
विटा. सिमेंट. रस्त्याचा भराव. चौथा आता आठवत नाही.
आधी चारही बरोबर वाटले, मग चारही चूक,
मग साडी झटकल्याचा आवाज आला.
चुकलं तर पाव मार्क कापतात.
कोरा सोडला.
एका मार्कानं राहिले, शीलवंत.
तू सोडू नकोस. काहीतरी काळं कर.

सोमवारपासून मी कळमन्याला,
संत्र्याच्या आडतीत हिशेब लिहायला.
आंबिया बहर, मृग बहर पाठ आहेत,
तेवढा तरी अभ्यास कामी येईल.
परवा मालकानं विचारलं, पोरी, काय शिकलीस?
मी म्हटलं, बरंच.

ड्रॉवरची किल्ली खुर्चीच्या खाली
चिकटपट्टीनं लावली आहे.
आत पर्यावरणाच्या दोन वह्या, लाल पेन,
आणि आईनं दिलेला सरगुंड्यांचा डबा.
भूक लागली की शिजव, मेसवर विसंबू नकोस.
फक्त आधी एकदा
पाण्यातून काढून घे.