खालची खुर्ची

माझ्या टेबलासमोरची खुर्ची
माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं बुटकी आहे
हे मला सोळा वर्षांनी कळलं.
पेन घरंगळत पलीकडे गेलं
आणि ते उचलून मी क्षणभर तिथेच टेकले, तेव्हा.
तिथून माझी रिकामी खुर्ची
कुणीतरी बसल्यासारखीच दिसत होती.

मातोझिन्योशच्या बंदरापासून दोन गल्ल्या आत
आमचा सार्डिनचा कारखाना.
खाली बायका मासे डब्यात लावतात,
चंदेरी पोटं वर, कुशीला कूस.
वर मी माणसं लावते:
रजा, पाळ्या, बढत्या, तक्रारी.
झाकण दोन्हीकडे घट्ट बसावं लागतं.

आज ग्रासिंदाचा शेवटचा दिवस.
निरोपाचा फॉर्म, अकरा प्रश्न.
चौथा: वरिष्ठांची वागणूक कशी होती?
अंगठ्याच्या नखातला खवला काढत ती म्हणाली,
"तुमच्याकडे लिहिलेलं असेल की."

होतं.
नऊ वर्षांपूर्वीचा मार्च.
मुकादम आदेलिनो तिचे डबे कमी मोजायचा
आणि शीतखोलीच्या दारात आडवा उभा राहायचा.
फाइलमध्ये एकच ओळ: 'चर्चेअंती प्रकरण निकाली.'
चर्चा म्हणजे मी म्हणाले होते,
"जरा सांभाळून घे, ग्रासिंदा,
दोन वर्षांत तो निवृत्तच होतोय."
हे वाक्य फाइलमध्ये नाही.
त्याला पाच लागली.
सुंठीवाचून खोकला गेला, असं वरचे साहेब म्हणाले.
खोकला कुठे गेला होता?
खोकणारी तेवढी गप्प बसली होती.

"सोमवारपासून माझी भाची येतेय," ती म्हणाली,
"लुर्देश. एकोणीसची आहे.
तिला काय सांगू?"

सवयीने मी खण उघडला.
नव्यांसाठीची पुस्तिका,
मुखपृष्ठावर सगळ्यांचे दात दिसतायत.
खण बंद केला.

सांग, म्हटलं,
जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेव.
तारीख, वेळ, जवळ कोण होतं.
कंपनीच्या वहीत नको, स्वतःच्या.
सही मागितली की म्हणायचं, उद्या देते.
शुक्रवारी रागात राजीनामा लिहू नये,
लिहिलाच तर रविवारी पुन्हा वाचावा.
(कधी कधी तो रविवारीही बरोबरच असतो.)
यंत्रावर जायची संधी आली
तर 'मला जमेल का' विचारू नकोस,
पगार किती ते विचार.
पुरुष तेच विचारतात, आणि मग शिकतात.

आणि वर माझ्याकडे ये. जरूर ये.
मी ऐकेन, पाणी देईन,
कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवेन.
पण पाणी कंपनीचं, रुमाल कंपनीचे,
आणि दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला
हे दोन कानही कंपनीचेच.
तेव्हा एकटी येऊ नकोस.
युनियनच्या ओंदिनाला बरोबर आण,
ती माझ्याशी भांडते. भांडू दे.

ग्रासिंदा बराच वेळ बोलली नाही.
खाली दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
"हे तेव्हा..." म्हणाली,
आणि वाक्य तिथेच सोडून
कोटाची बाही शोधू लागली.

अकरावा प्रश्न राहिला होता:
ही नोकरी तुम्ही आपल्या माणसाला सुचवाल का?
'हो' आणि 'नाही' यांच्या मधल्या कोऱ्या जागेत
तिनं भाचीचं नाव लिहिलं,
नीट, आडनावासकट.
पेनला माशाचा वास राहिला.

ती गेल्यावर सुताराला फोन केला.
चार बोटांचा फरक आहे, म्हटलं.
"ती वाढवू, की तुमची कापू?"
माझी काप. सोमवारच्या आत.
"कापतो," तो म्हणाला,
"पण अर्ज लागेल, बाई.
आणि त्यावर सही
तुमच्याच खात्याची."