पाय काय म्हन्ते

पौषातलं आभाळ म्हणजे घासून पालथी घातलेली परात.
मांढळच्या सातऱ्यावर दीड एकर मिरची उन्हात,
आणि बायका ओळीनं, नाकातोंडाला पदर बांधून
देठ खुडत बसलेल्या.
किलोवर मजुरी.
मी काटा धरतो, वही लिहितो
आणि दिवसातून पन्नासदा शिंकतो.

कौतिका डोंगरवार सगळ्यांत उशिरा येते.
फाटकापासूनच तिची चप्पल ओळखू येते,
एक पाय पडतो, एक ओढला जातो.
रोवण्याच्या दिवसांत ट्रॉली कालव्यात उलटली,
त्याला आता एकोणीस वर्षं.
मेडिकलमधून ती टोंगळ्यात रॉड घेऊन परतली,
आणि रॉडबरोबर, न मागता,
आभाळाची बातमी.

ठणका एका जातीचा नसतो.
मी हे वहीत लिहीत नाही, पण मला पाठ आहे.
थंडीचा ठणका हाडाला धरून बसतो, शेकोटीजवळ सोडतो.
उगवतीचा वारा सुटला की मुंग्या, पोटरीपर्यंत.
आणि पाणी यायचं असलं की टोंगळा आतून फुगतो,
भिजत घातलेल्या लाखोरीसारखा.
सालीला जागा पुरत नाही, म्हणते.

मालकाच्या मोबाइलमध्ये सूर्य असतो, पिवळा, गोल.
तो सगळ्यांना दाखवून झाला की
मालक हळूच विचारतो,
"कौतिके, पाय काय म्हन्ते?"

पाय काही म्हणाला की ताडपत्र्या निघतात.
मिरची ढिगात, ढीग ताडपत्रीखाली,
बायका घरी.
वहीत नावापुढे आडवी रेघ.
गेल्या हंगामात तिच्या पायानं सहा रेघा मारल्या.
सहाही वेळा पाणी आलं,
सहाही वेळा मिरची वाचली, मालकाची.
"तुह्या टोंगळ्यानं माह्या घरचं तेल-मीठ नेलं, बाई,"
शेवंती गभणे म्हणाली होती,
हसत,
पण अर्धंच.

मग परवाचा मंगळवार.
फाटकाशी चपलेचा आवाज आला नाही.
म्हणजे आला, पण सरळ.
दोन्ही पावलं सारखी, मोजून टाकलेली,
डोक्यावर भरली घागर असल्यासारखी.
सकाळचे सात, तोंडातून वाफ निघते अशी थंडी,
आणि तिचा वरचा ओठ घामानं ओला.
"काय पाहून रायला, भाऊ? काटा लाव."
ओळीतल्या एकीनंही मान वर केली नाही.
तेव्हा कळलं, ओळीला माहीत आहे.

मालकानं विचारलं.
"निवांत हाये," ती म्हणाली,
"आज काहीच म्हनत नाही."
मोबाइलमधला सूर्यही तेच म्हणत होता.

त्या दिवशी तिनं एकवीस किलो खुडली.
बसली ती उठलीच नाही, पाण्यालाही नाही.
संध्याकाळी दोघींनी काखेत हात घालून उभी केली,
गप्पा मारता मारता,
जशी काही रोजचीच रीत.
मी एकवीस लिहिले.

रात्री दोनला पाणी आलं.
ना वारा, ना गारा,
मांडी घालून बसलेलं, सावकाश पाणी.
सकाळी मिरचीखालून लाल ओघळ
फाटकापर्यंत, फाटकाबाहेर,
डांबरी रस्त्याच्या खड्ड्यात.
मालक मोबाइलला आईवरून शिव्या देत होता.
आणि सगळ्यांना काम होतं.
सडकी वेगळी निवडायची, चार दिवस,
किलोवर नाही, रोजीनं.
कौतिका आली.
एक पाय पडत, एक ओढत.

एक सांगायचं राहिलं.
उमरेडच्या रस्त्यावर गाडीला रानडुक्कर आडवं आलं
तेव्हापासून माझा डावा खांदा जरा उतरलेला आहे.
सोमवारी रात्रीच तो सुरू झाला होता,
आधी मानेशी, मग कोपरापर्यंत.
बायकोनं बाम चोळला, विचारलं,
"आभाय येते का जी?"
मी म्हणालो, कुशीवर निजलो असन.

वहीत खांद्याचा रकाना नाही.
काटा धरायला उजवा हात पुरतो.