पंक्तिप्रपंच

मनोऱ्याखालच्या खोलीत, पडद्यावर,
माणसं आकडे होऊन बसतात.
सतरा म्हणजे पाहुणघरातला जर्मन गिर्यारोहक,
इथून चाळीस पावलांवर, सिनेमा उतरवतोय.
अठरा, एकोणीस त्याचेच सोबती.
एकेचाळीस म्हणजे दारो,
खिंडीपलीकडे मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर चढून
फोन आभाळाकडे धरून उभी.

तिब्लिसीहून हुकूम होता : एकूण आकडा वाढला पाहिजे.
एकूण वाढवणं सोपं असतं.
जवळच्याला वाढायचं, परत जवळच्यालाच वाढायचं.
दारोच्या एका शब्दाला लागते
जर्मनाच्या तीस शब्दांची जागा,
म्हणून दारोचं पान कोरडं.
वाढपी ओळखीचा असून उपयोग नव्हता;
वाढपी मीच होतो.
तीन आठवडे तसंच चालू दिलं.

मग लोकर कातरून झाल्यावरचं जेवण.
तमादा लागाझा. आमच्या तुशेतीत मेजावर
शब्दसुद्धा पाळीनं मिळतो, आणि पाळी तमादाच्या हाती.
मास्तर तिसऱ्यांदा उठले, तर त्यानं
खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.
कोपऱ्यात शेते. तोतरा. रात्रभर गप्प.
लागाझानं त्याला लगेच नाही उठवलं.
दुसरं शिंग रिकामं होऊ दिलं, तिसरं,
शेतेच्या कानांवर लाली चढली, मान वर झाली,
नेमकं तेव्हा :
"शेते, बोल."
मेलेल्या घोड्याबद्दल बोलला तो.
एकदाच अडखळला, घोड्याच्या नावापाशी.

रात्री खोलीत येऊन नियम बदलला.
आत्ता किती घेऊ शकतोस
भागिले
आजवर किती घेतलंस.
ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी,
सेकंदात हजार वेळा.

भिंतीवर दारो पाय बदलते,
वाऱ्यानं हात हलतो,
तिची लहर डोकं वर काढते, पापणी लवायच्या आत बुडते.
पण तेवढ्यात तिच्या पानावर पडलेलं असतं.

थोडंच. खोटं कशाला सांगू,
एकूण आकडा घसरला.
तिब्लिसीला काय कळवायचं, अजून ठरलेलं नाही.
जर्मन दार ठोठावून गेला :
पडद्यावर नुसतं चाक फिरतंय म्हणे.
म्हटलं, पाळी आहे.

सकाळी दारो चीज घेऊन खाली आली.
लागला का फोन, विचारलं.
इमेदा पोलंडमध्ये मांसाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
"बोलणं नाही कळलं," म्हणाली, "तुटत होतं.
खोकला मात्र पूर्ण आला.
छातीतला आहे."
आणि चिजाचं फडकं सोडून
लोकरी मोज्यांचा जोड माझ्यापुढे ठेवला,
हे कसे पाठवायचे, सांग.