खिळ्यावरची किल्ली

कंपनी सुटली की आधी गिरणी,
गुत्ता नंतर.
सातपूरला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी.
डब्यांवर खडूनं नावं: आहेर गहू,
बच्छाव बाजरी, निकम डाळ बारीक.
पट्ट्याशेजारच्या खिळ्यावर माझ्या गाडीची किल्ली.
तिच्यावर नाव नाही.

पगारमावशी. आडनावच पगार.
माझा कुठं जातो त्यांना ठाऊक आहे,
पण त्यावर त्या बोलत नाहीत.

त्या सकाळी
मडगार्ड आत गेलेलं,
आणि ब्रेकच्या दांडीला गुंडाळलेला
दप्तराचा निळा पट्टा.
आठवत काही नव्हतं.
त्रिमूर्ती चौक, खुटवडनगर, आयटीआय सिग्नल,
सगळा रस्ता पायी उलटा चाललो,
मान खाली, डाग शोधत.
सिव्हिलला विचारलं, काल रात्री एखादं पोरगं आलं का?
कारकून म्हणाला, कुठलं? तीन आहेत.

एक गच्चीवरून पडलेलं.
एक भाजलेलं.
तिसरं झोपलं होतं, पाय प्लास्टरात.
त्याच्या आईनं मला बिस्किटं दिली,
कुणाचा तरी नातेवाईक समजून.
मी दप्तराचं विचारलं नाही.
बिस्किटं खाल्ली.

दारू सुटली नाही. दोनदा केंद्रात राहून आलो,
दोनदा हार घालून घरी आणलं, नाही सुटली.
म्हणून सात वाजता, हात अजून माझे असताना,
जेवढं सुटतं तेवढं खिळ्यावर सोडतो.
नऊ वाजताचा तो
सात वाजताच्या माझं ऐकत नाही.

एकदा आला होता तो.
शटरवर लाथा, आईवरून शिव्या.
किल्ली दे, मी शुद्धीत आहे.
मावशी आतूनच म्हणाल्या,
मग चालत जा की. शुद्धीतल्याला रस्ता सापडतो.
तो चालत गेला. दोनदा पडला.
नालीत पडलेला माणूस
फक्त स्वतःवर पडतो.

सकाळी मावशी जवळ येऊन वास घेतात,
पीठ करपलं का बघतात तसा.
कधी किल्ली देतात.
कधी म्हणतात, अजून उतरली नाही,
आज बसनं जा.
मी जातो. खिडकीपाशी बसतो.

निळा पट्टा मी टाकला नाही,
किल्लीलाच बांधलाय.
रात्रभर त्यावर पीठ बसतं,
कुणाच्या बाजरीचं, कुणाच्या गव्हाचं.
पांढरा पडत चाललाय.
मी रोज झटकतो,
निळा दिसेपर्यंत.