मागची चकती

सोमा मेस्त्रीच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, डाव्या डोळ्यात चुना उडाला
देवगडला, शिंपल्यांच्या भट्टीपाशी.
उजवा आधीच अधू.
नळाखाली डोकं धरेस्तोवर
बुबुळ विरजलं होतं.

दोनदा दुसऱ्याचं बुबुळ शिवलं.
दोन्ही वेळा अंगाने परत पाठवलं.
मग कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर मांडला
प्लास्टिकचा इवलासा खांब, मागे बसणारी चकती,
आणि मधे धरायला कुणा मेलेल्याच्या बुबुळाचं कडं.
"ह्यो तर वायसर," बाप म्हणाला.

आठ महिने दिसलं.
जेटी, जेटीवरचे बर्फाचे ट्रक, माझे पिकलेले केस.
मग खांबामागे साय धरू लागली.
लेझरने फाडली. पुन्हा धरली.
कडेचं मांस पातळ होत चाललं.

"चकतीही प्लास्टिकची होती," बाई म्हणाल्या,
"आता टायटॅनियमची बसवू, भोकांची.
आतलं पाणी कड्यापर्यंत पोचतं.
शरीर तिच्याशी कमी भांडतं."
"कमी," त्यांनी पुन्हा सांगितलं.

बापाला समजावावं लागलं नाही.
सागात लोखंड ठोकलं की काही पावसाळ्यांत
भोवतीचं लाकूड काळं पडतं, बोटाने उकरता येतं.
गंजतो खिळा, मरते फळी.
"लाकूड पाण्यात एकटां नसता गो.
खिळो तेचो सोयरो. बघून करूचो लागता."
म्हणून तांबं. महाग,
पण लाकडाच्या तोंडी लागत नाही.

आता रोज थेंब, मरेपर्यंत.
वरून मऊ लेन्स; निसटली तर आम्ही
बॅटरी घेऊन उशीवर शोधतो.
माझे हात साबणाने धुऊन होईतो तो वीस मोजतो, मोठ्याने.
साय आली नाही.
पण दाब.
या डोळ्यावर यंत्र चालत नाही,
बाई पापणीवरून दोन बोटांनी चाचपतात,
बाप कापूस ठासलेली फट चाचपतो तसंच,
आणि मग कुणीच काही बोलत नाही.

जुनी चकती त्याने मागून आणली.
रंध्याच्या पेटीत आहे, वाकड्या खिळ्यांत.

काल रात्री थेंब घालताना, मान मागे टाकून,
विचारत होता त्या मधल्या कड्याबद्दल:
कोण होता तो? खंयचो?
ते सांगत नाहीत, म्हटलं, हलू नको.
"खाऱ्या पाण्यातलो आसलो," तो म्हणाला,
"तर टिकतलो."
थेंब गालावर गेला. दुसरा घातला.