हनुवटी थोडी खाली

एकतीस वर्षं नाशिकरोडला, बिटकोच्या मागे,
पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता.
प्रेसमधले कामगार, तोफखान्यातले जवान,
फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धापा टाकत आलेली पोरं.
पांढरा पडदा, दोन दिवे, एक स्टूल
आणि माझं एकच वाक्य:
हनुवटी थोडी खाली. दोन्ही कान दिसू द्या.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला.
मी दिवे विकले, एक लांब लेन्स घेतली.
बायको म्हणाली, आता बिनपैशाची गिऱ्हाइकं.

थंडीत पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जातो.
चापडगावच्या मनोऱ्यावर आमची दाटी,
पुण्याचे, ठाण्याचे, एक डॉक्टर, दोन बिल्डर,
पाण्यावर लेन्सा रोखलेल्या.
रोहित हवेत, पण उडताना,
पंखांतली लाली उघडी पडते तेवढ्यापुरते.
दलदली हारीण हवी, नखांत काहीतरी धरलेली.
खंड्या हवा, चोचीत मासा आडवा.
ममदापूरचा काळवीट, चारही पाय हवेत असताना.
अंजनेरीचं गिधाड, कड्यावरून, डोळ्यांच्या रेषेत.
नुसतं बसलेलं कुणाला कुणी नको.
आमचा गाईड सोपान घोटेकर दुर्बीण पुसत म्हणतो,
"काका, पाखरांनापण आता सुट्टी राहिली नाही."

आणि बिबट्या तर सगळ्यांनाच हवा.
ज्याला तो मिळाला नाही
तोसुद्धा मिळता मिळता कसा राहिला
हे तासभर सांगतो.

मला तो जानेवारीत दिसला.
करंजगावच्या रस्त्याला ऊसतोड चाललेली,
द्राक्षबागांत थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्या,
गोदावरीवरून वर चढलेलं धुकं.
बांधावर येऊन तो बसला.
मागे ऊस नाही, आभाळ नाही, काही नाही,
माझा जुना पडदा कुणी धुऊन टांगावा तसं.
सरळ माझ्याकडे बघत होता.
उजवा कान टोकाशी तुटलेला,
पाटीचा कोपरा उडतो तसा.
बोट बटणावर होतं,
आणि तोंडातून गेलं, सवयीनं, अगदी हळू:
हनुवटी थोडी खाली.

त्यानं ऐकलं. म्हणजे आवाज ऐकला.
मी मग उगाच बटण दाबत राहिलो.
कार्डात सात फोटो निघाले, सातही धुक्याचे,
उजेड अगदी नेमका.
मनोऱ्यावर कुणाला बोललो नाही.

फेब्रुवारीत पिंपळसजवळ रात्री ट्रकनं एकाला उडवलं.
वनरक्षक झनकरबाईंचा फोन आला:
"तुम्ही फिरता. फोटो असतील तुमच्याकडे.
ठिपके जुळवले तर कळेल हा कुठला."
गेलो. ताडपत्री बाजूला केली.
कुशीवर पडला होता,
हनुवटी छातीला टेकलेली.
एवढी खाली मी कुणाला सांगितली नव्हती.
एकच कान दिसत होता.
वाकून मी दुसरा मोकळा केला.

"हाच," म्हणालो.
"फोटो?"
"नाही."
बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

तिथून घरी येईपर्यंत
लेन्सची पिशवी मांडीवर होती, डिकीत ठेवली नाही.
का ते माहीत नाही.

आज पुन्हा मनोऱ्यावर.
रोहित पलीकडच्या काठाला उतरलेत म्हणे,
सगळ्या लेन्सा तिकडे वळल्यात.
सोपान मला बाह्या ओढून दाखवतोय.
माझ्यासमोर, अगदी खाली, चांदवे.
शेकड्यांनी. काळे, ढब्बू, कपाळावर पांढरी टिकली,
ज्यांच्यासाठी आजवर कुणी पहाटे उठलेलं नाही.
पाणगवतातून एकामागे एक येताहेत,
शेवटच्या तारखेला आल्यासारखे.
एक थांबला. तोंड इकडे.
यांचे कान कुठे असतात देव जाणे.

काढला.

पुढचे, या.