अकरावा आकडा

मालकांची मुलाखत वीस मिनिटांत उरकली.
शेडच्या दारात खुर्ची, मागे बॉक्सांची थप्पी,
कॉलरला माइक, आणि ‘आमचा बेदाणा’ सतरा वेळा.
इकबालभाईंनी तिवई माझ्याकडे सरकवली :
‘तोंड मिळालं. आता त्याला अंग आन.’

सावळजच्या अलीकडे, मार्चात, अकरालाच
ऊन काचेवर पांढरी साय धरतं.
शेडनेटखाली जाळ्यांवर पसरलेला माल
आठव्या दिवसाचा,
द्राक्ष म्हणवत नव्हतं, बेदाणा म्हणायला लवकर होतं.
गंधक घशात बसलेला.

मिरजेत तीस वर्षं लग्नं काढलेला माणूस.
त्याचं शिकवणं चहा पिता पिता :
एक लांबनं घे, एक जवळनं,
आन एक असं, की बघनाऱ्याला वाटावं
आपनच हात घातला.
कॅमेरा हलवू नगंस. हलायचं ते हलंल.
दहा आकडे मोज, मग वर एक.
भाजीवाली वर दोन मिरच्या टाकती, तसा.
अकरावा देवाचा.

पहिले तीन शॉट जाळीवरच अडकले,
फोकस हिरव्या दोऱ्यात, माल मागे धूसर.
चौथ्यात माशी.
पाचव्यात मालकांचा जावई, हात मागे बांधून,
कुणी न सांगता मधोमध उभा.

मग निवडायच्या टेबलाशी गेले.
शेवंता हजारे, बावीस वर्षं तिथंच,
बोटांना डोळे फुटल्यासारखी :
काळा बाजूला, देठ बाजूला, फुटका बाजूला,
नजर मात्र दारातल्या कुत्र्यावर.
तिलाही दोन मिनिटं बसवलं खुर्चीत.
कामाबद्दल काय सांगाल?
‘काम चांगलं हाय. पन—’
आणि थांबली.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
‘पन काय न्हाई.’

विश्रामबागेतल्या खोलीत, रात्री, एडिटिंगला
जावयानं स्क्रीनवर बोट ठेवलं : हा ‘पन’ काढा.
काढला.
पण कापल्या जागी तिची मान उडी मारते,
डावीकडची एकदम उजवीकडे.
सांधा झाकायला काहीतरी लागतं.
मी माझा शॉट दिला :
चाळणीतून उतरणारा बेदाणा, मागून ऊन,
प्रत्येक दाण्यात एकेक दिवा.
त्यातले तीन सेकंद लागले.
प्रदर्शनात लोक तिथंच थांबले म्हणे.
इकबालभाई म्हणाले, ‘हात बसला तुझा.’
आणि पुढच्या कामाचं भाडं बोलू लागले.

उरलेले आठ सेकंद
‘न वापरलेलं’ या फोल्डरात.

पावसाळ्यात हार्ड डिस्क भरली, पुसायला बसले.
असल्या शॉटचा आवाज कुणी ऐकत नाही,
आधी तोच बंद करतात.
त्या दिवशी हेडफोन कानातच राहिले.
ब्लोअरची घरघर, क्रेट आपटल्याचा आवाज,
आणि टेबलापलीकडून, हळू,
शेवंताबाई शेजारणीला :
‘त्येनी इचारलं तवा म्हनलं असतं, पन—’

आणि पुढे
माझाच आवाज, माइकच्या अगदी जवळ,
कुजबुजत, नेमाने :
सात.
आठ.
नऊ.
दहा.

अकराव्याला दोघी हसतात.
कशाला ते ऐकू येत नाही.
आवाज वाढवला, ब्लोअर खाली दाबून पाहिला,
माझा आकडा तेवढा मोठा होत गेला.

फाइल पुसली नाही.
सावळजला परत गेले नाही, जाईन म्हणते,
सीझन संपलाय, शेड रिकामी असेल,
जाळ्या गुंडाळलेल्या.

परवा पलूसला कारखान्यात काम होतं.
तिवई लावली, क्षितिज सरळ केलं,
बटण दाबलं, ओठ घट्ट मिटले.
हल्ली मी
चपलेत, पायाच्या अंगठ्यानं मोजते.